कासवालाही वापसा लागतो



एप्रिलच्या शेवटापासून मी शेतावर नाही, म्हणून पानावर सोयाबीन-तुरीची नोंद आलेली नाही. पोरीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं अमेरिकेत आलोत. मिसुरी राज्य, कोलंबिया गाव. तिकडं शेत मुलगा बघतोय. आजची नोंद पिकाची नाही, कासवाच्या अंड्यांची आहे. पण निम्मा विषय मातीचा आहे, म्हणून इथं लिहायला हरकत नाही. कृषीवाले साहेब लोकही हे पान वाचतात, त्यांनी हसलं तरी चालेल.

पोरीच्या घरी एक कासव आहे. आपल्या विहिरीतल्यासारखं पाण्यातलं नाही, जमिनीवर राहणारं. इकडं त्याला बॉक्स टर्टल म्हणतात. बॉक्स यासाठी की पोटाखालच्या कवचाला बिजागरीसारखा सांधा असतो. भ्यालं की डोकं-पाय आत ओढून घेतं आणि डबीचं झाकण लावावं तसं गच्च बंद होतं. नखसुद्धा आत जात नाही. आकार दोन ओंजळी एकमेकींवर ठेवाव्या एवढा. यांच्याकडं आहे त्या जातीला मागच्या पायाला तीनच बोटं असतात. मिसुरीतलंच हे जनावर, इथल्या रानात आणि बांधाकडंनं फिरतं. गांडुळं, गोगलगाई, अळंबी, खाली पडलेली फळं, जे मिळेल ते खातं. पन्नास-पन्नास वर्षं जगतं म्हणतात, आणि जन्मभर चार-दोन शेतांच्या पलीकडं जात नाही. वसंतात ही कासवं रस्ता ओलांडतात आणि गाडीखाली मरतात. इथलं राज्याचं कन्झर्व्हेशन खातं दरवर्षी लोकांना सांगतं, गाडी हळू चालवा आणि कासव उचलून घरी नेऊ नका.

हे मात्र कुणीतरी फार पूर्वी घरी आणलेलं. शेजारच्या आजींकडं वीस वर्षांवर होतं. दोन वर्षांपूर्वी आजी वृद्धाश्रमात गेल्या आणि जाताना जावयांच्या हवाली करून गेल्या. आजींकडं ते अंगणात राहायचं. जावयांनी त्याला बेसमेंटमध्ये, म्हणजे तळघरात, मोठा प्लास्टिकचा टब करून दिला. खाली कोकोपीट, वर दिवा, एका बाजूला पाण्याची थाळी. निगा चांगली होती. जावई इंजिनिअर माणूस, जे करायचं ते वाचून करतात.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नात झाली. आणि मेच्या शेवटी कासवानं खाणं सोडलं.

नुसतं खाणं सोडलं असतं तर वेगळं. ते दिवसभर टबच्या कडेनं चकरा मारायला लागलं. कोपऱ्यात मागचे पाय खरडायचं, भिंतीवर चढायचं, उलटं पडायचं, सरळ केलं की परत तेच. जावई म्हणाले, "मामा, याला बहुतेक बाहेर जायचंय." आमच्या मंडळींनी जिन्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "बाहेर कुठलं जातंय? ती अडलीय."

अडलेली गाय ज्यानं बघितलीय त्याला हे सांगावं लागत नाही. उठबस करणं, कोपरा धरणं, मागं वळून बघणं. जनावर कुठलंही असो, दिवस भरले की ते जागा शोधतं.

डॉक्टरांकडं नेलं. साप-कासवं बघणारे वेगळे डॉक्टर असतात इकडं. त्यांनी एक्स-रे काढला. पोटात चार अंडी, कबुतराच्या अंड्यापेक्षा लहान, लांबट. बिल किती झालं ते लिहीत नाही, तेवढ्यात आपल्याकडं एक एकराचं बियाणं येतं.

जावयांचा पहिला प्रश्न, "पण हिच्याजवळ दोन वर्षांत नर आलाच नाही?" डॉक्टर म्हणाले, दोन गोष्टी आहेत. एक तर मादीला अंडी घालायला नर लागतच नाही. ही गोष्ट आपल्याला नवीन नाही, लेअर कोंबडी कोंबड्याशिवायच अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. दुसरी गोष्ट मात्र मला नवीन. बॉक्स टर्टलची मादी नराचं बीज पोटात जपून ठेवते, तीन-चार वर्षांपर्यंतसुद्धा. आजींच्या अंगणात कधी एखादा रानातला नर येऊन गेला असेल तर आजही त्याची पिल्लं निघू शकतात.

मग मुद्द्याचं बोलले. कासवीण आजारी नाही. अंडी तयार आहेत, ती घालत नाही, कारण घालायला जागा नाही. पाण्यात किंवा उघड्यावर टाकली तर वाया जाणार हे तिला कळतं, म्हणून धरून ठेवते. पण फार दिवस धरली तर अंडं आत फुटतं, सडतं, आणि कासवीण मरते. घरात पाळलेल्या कितीतरी माद्या अशाच जातात, मालकाला वाटतं भूक मंदावली.

उपचार ऐकून मला हसू आलं, कारण दोन्ही औषधं आपल्या गोठ्यातली. आधी कॅल्शियम आणि मग ऑक्सिटोसिन. कॅल्शियमचं कसं, म्हैस व्यायल्यावर मिल्क फिवरनं बसली की शिरेतून कॅल्शियम देतात आणि तासाभरात ती उठते, हे आपण कितीदा बघितलंय. कॅल्शियम कमी पडलं की स्नायूला जोर येत नाही. अंडं ढकलायलाही स्नायूच लागतो. ऑक्सिटोसिन म्हणजे ते पान्हा सोडायचं इंजेक्शन, ज्याचा आपल्याकडं नको तेवढा दुरुपयोग झाला. पिशवी आकुंचन पावते, अंडं बाहेर येतं. पण डॉक्टर म्हणाले, ते शेवटी. अंडं मोठं असेल किंवा वाकडं अडकलं असेल तर वरून जोर दिल्यावर आतलं फाटतं, म्हणून आधी एक्स-रे. आपल्याकडचे चांगले पशुवैद्यही हेच सांगतात, वासरू आडवं असताना ऑक्सिटोसिन देऊ नका. चारही अंडी सरळ होती. म्हणून कॅल्शियम दिलं आणि दहा दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात हिला माती द्या, नाही घातली तर परत आणा.

माती द्या. मला वाटलं, चला, आता आपलं काम आलं.

त्यात अजून एक अडचण होती. तीन आठवड्यांची नात घरात. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असतात, कासवाला काही होत नाही पण तान्ह्या पोराला भारी पडतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणानं, पोरं ती तोंडात घालायची. बाळाच्या डॉक्टरनं पोरीला सांगितलं, कासव घरात नको. पोरगी रडकुंडीला आली. नातीला धोका नको आणि पोटुशी कासवीण कुणाच्या दारात टाकवत नाही. मी म्हणालो, दहा दिवस थांब. तोवर तळघरात तुम्ही दोघी उतरू नका. कासवाचं सगळं मी आणि जावई बघू, हात साबणानं धुऊनच वर येऊ, आणि कासवाची थाळी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाही. हे पाळलं.

आता मातीचं. टबमध्ये कोकोपीट होतं हे वर लिहिलंय. रोपवाटिकेला ते चांगलं, ओल धरतं, हलकं असतं. पण त्यात खड्डा खणून बघा. भिंत राहत नाही, चारी बाजूंनी ढासळतं. कासवीण खड्डा करते तो आमच्या मंडळींच्या लोटीसारखा, तोंड अरुंद आणि खाली पोट मोठं. असा खड्डा टिकायला माती धरणारी पाहिजे. नुसती वाळूही चालत नाही. आणि आपली काळी तर मुळीच नाही, ओली असली तर पायाला गोळे चिकटतील आणि वाळली तर भेगा पडून अंडी उघडी पडतील.

इथली माती मी आल्यापासून बघतोय. या गावात विद्यापीठाचं सॅनबॉर्न फील्ड म्हणून प्रयोगाचं शेत आहे, १८८८ पासून तिथं त्याच तुकड्यांवर पिकं घेऊन नोंदी ठेवतायत. जावयांनी मला मुद्दाम दाखवायला नेलं. (कोंबडीवाल्यांनी ऐकून ठेवा, आपण क्लोरटेट्रासायक्लिन म्हणतो त्या औषधाची बुरशीसारखी जात याच शेतातल्या मातीत सापडली होती.) वरची माती पिठासारखी बारीक, पोयट्याची, आणि फूट-दीड फुटावर चिकण मातीचा घट्ट थर. पाणी त्या थराच्या खाली जात नाही. सोयाबीन इथंही आपल्यासारखंच मुख्य पीक, आणि पाणी साचण्याची तक्रारही तीच.

अंगणातल्या हिरवळीखालची माती घेतली नाही. इथं घरोघर हिरवळीवर टू-फोर-डी मारतात. आजींच्या जुन्या भाजीच्या वाफ्यातली घेतली, नवीन शेजाऱ्यांना विचारून. तिथं कधी फवारा मारलेला नव्हता. दोन भाग ती माती आणि एक भाग धुतलेली वाळू. दुकानातली पिशवीतली माती जावई आणणार होते, तिच्यात खताचे दाणे असतात, ते नको म्हणालो. लाकडी फळ्यांचा तीन फूट बाय दोन फूट वाफा केला, आत प्लास्टिक, आणि एक फूट माती. सहा घनफूट, म्हणजे अडीच क्विंटलच्या आसपास. बादल्या भरून जिन्यानं खाली उतरवली. जावयांनी विचारलं, खड्डा तर चार बोटांचा असतो मग एक फूट कशाला? कारण नख खाली फळीला लागलं की कासवीण खड्डा सोडून देते. जमिनीत कठीण लागलं तर ती दुसरीकडं जाते, तसंच.

आता पाणी किती? डॉक्टरनं "दमट" म्हणून सांगितलं होतं. दमट म्हणजे काय, हे जावई मोबाईलवर शोधायला लागले. मी म्हणालो, राहू द्या, आपल्याकडं याला शब्द आहे. वापसा. मूठभर माती दाबायची, लाडू झाला पाहिजे. छातीच्या उंचीवरून टाकायचा, फुटला पाहिजे. फुटला नाही तर ओली आहे. लाडूच झाला नाही तर कोरडी आहे. आणि दाबताना बोटांतून पाणी आलं तर दोन दिवस त्या मातीत पाय ठेवायचा नाही. तळघरात दमट हवा ओढणारं यंत्र चालू असतं, त्यानं वरची दोन बोटं माती सकाळपर्यंत वाळायची. रोज संध्याकाळी झारीनं थोडं शिंपडायचो. वर दिवा होता, त्यामुळं एक बाजू कोमट राहायची.

पहिल्या दिवशी तिनं नुसत्या चकरा मारल्या, पण मातीला नाक लावून. आमच्या मंडळी म्हणाल्या, वास घेतीय, घेऊ द्या. पुढचे चार दिवस तेच. सहाव्या संध्याकाळी एका कोपऱ्यात दोन बोटं खणलं आणि सोडलं. सातव्या दिवशी दुसरीकडं. असे नमुन्याचे खड्डे त्या घेतात.

९ जूनला, म्हणजे आपला मृग लागल्यावर दोनच दिवसांनी, संध्याकाळी साडेसातला ती दिव्याच्या बाजूला थांबली. पुढचे पाय रोवले आणि मागच्या पायांनी सुरू झाली. एक पाय मातीत घालायचा, पळीसारखा वळवून माती वर काढायची, बाजूला ठेवायची, मग दुसरा पाय. डावा, उजवा, डावा, उजवा. मध्ये मध्ये स्वतःचं पाणी सोडून माती भिजवायची. सगळ्यात नवल म्हणजे ती एकदाही मागं वळून बघत नाही. खड्डा किती झाला, भिंत कशी आहे, सगळं पायाला कळतं. आम्ही दिवे बंद करून जिन्यावर बसलो, कारण माणूस जवळ हलला की ती काम सोडते. पावणेदहाला पहिलं अंडं पडलं. प्रत्येक अंडं पडलं की मागचा पाय आत घालून हळूच बाजूला सरकवायची. चार झाल्यावर माती लोटली, पोटानं दाबली, वरून पालापाचोळा ओढल्यासारखं केलं. सव्वाअकराला ती बाजूला झाली तेव्हा खड्डा कुठं होता हे मला दिव्यातही सांगता आलं नसतं.

ती खणत असतानाच मुलाचा फोन आला होता. इथं संध्याकाळ म्हणजे तिकडं सकाळ. "बाबा, चाळीस मिलिमीटर झालाय, शेजारी पेरायलेत, आपण पेरू का?" मी दबक्या आवाजात विचारलं, वीतभर खणून बघितलंस का? म्हणाला, वर ओल आहे, खाली कोरडं. मी म्हणालो, मग थांब. विद्यापीठवाले पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर म्हणतात ते उगं नाही म्हणत. "हळू का बोलताय?" म्हणाला. कासव अंडी घालतंय म्हणून सांगितलं तर त्याला वाटलं बाबांचं डोकं फिरलं. त्यानं २२ जूनला पेरलं. उगवण बरी आहे.

दुसऱ्या दिवशी अंडी काढावी लागली, कारण दिव्याखालची माती वाळून गेली असती. इथं कोंबडीवाल्यांसाठी एक महत्त्वाचा फरक सांगतो. कोंबडी अंडी दिवसातून कितीदा तरी फिरवते, आणि इन्क्युबेटरमध्येही फिरवावी लागतात. कासवाचं अंडं फिरवायचं नाही. आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. उलटं झालं की गुदमरतो. म्हणून प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीनं वरच्या बाजूला खूण केली आणि जशी होती तशीच उचलून ठेवली. कोकणात वेळासला समुद्री कासवांची अंडी हलवतात तेव्हाही हीच काळजी घेतात. खाली व्हर्मिक्युलाइट, वजनाएवढंच पाणी घालून ओलं केलेलं, आपण रोपांच्या ट्रेला वापरतो तेच. कवच चामड्यासारखं असतं, ते बाहेरून ओल शोषतं आणि अंडं थोडं फुगतं. म्हणून इथंही वापसाच लागतो.

मग जावई म्हणाले, "मामा, नर हवेत का माद्या?" मला थट्टा वाटली. पण खरंच आहे, या कासवांत नर-मादी बीजावर नाही, उबेवर ठरतं. सत्तावीस अंशांच्या आत ठेवली तर बहुतेक नर, अठ्ठावीसच्या वर गेली तर माद्या. आपण मधलं धरून ठेवलंय, जे व्हायचं ते होऊ दे.

कासविणीनं तिसऱ्या दिवशी चार गांडुळं खाल्ली. तिला आता अंगणात वाडा करून दिलाय, जून महिना त्यातच गेला माझा. दहा फूट बाय आठ फूट. फळ्या एक फूट जमिनीत गाडल्या, कारण ती खणून निघते. वर जाळी, कारण इथं रॅकून नावाचं मांजरापेक्षा मोठं जनावर आहे, ते रात्री येऊन अंडी आणि कासवं दोन्ही खातं. एका बाजूला झुडपाची सावली, एका बाजूला उघडं ऊन आणि मोकळ्या मातीचा ढीग. उन्हामुळं दिव्याचा खर्च वाचला, आणि कॅल्शियम अंगी लागायलाही ऊनच लागतं. खाण्यावर अंड्याच्या टरफलांची भुकटी टाकतो, आपण लेअरला शिंपल्याचा चुरा देतो तशी. घर आणि कासव वेगळं झालं, त्यामुळं पोरगी आता निवांत झोपते.

रानात सोडा, असं इथल्या एका-दोघांनी सुचवलं. डॉक्टर नको म्हणाले. इतकी वर्षं माणसात राहिलेलं जनावर रोग घेऊन रानात जातं, आणि रानातली कासवं मरतात.

आता आपल्याकडचं. देशी कासव घरात, टबात, हौदात पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग ते विहिरीतलं असो नाहीतर पाठीवर चांदण्या असलेलं. पैसा येतो म्हणून विकत घेणारेही त्यातच आले. पण कासवं आपल्या रानात असतातच. विहिरीतलं, तळ्यातलं ते पसरट कासव पावसाळा सरता सरता पाण्याजवळच्या बांधावर, मळीच्या जमिनीत अंडी घालतं. ती गोल, पांढरी आणि टणक असतात, आणि पिल्लं निघायला कितीतरी महिने लागतात. बांध कोरताना किंवा शेततळ्याच्या कडेला जेसीबी लावताना अशी अंडी निघाली तर हातात घेऊन फिरवू नका, पोरांना खेळायला देऊ नका. जशी आहेत तशी परत त्याच मातीनं झाका आणि थोडा तुकडा सोडून काम करा. सोडणं शक्यच नसेल तर वन विभागाला १९२६ वर फोन लावा.

चारपैकी दोन अंड्यांवर बुरशी आली, ती काढून टाकली. उरलेल्या दोहोंवर वरच्या बाजूला खडूसारखा पांढरा पट्टा आलाय, आणि मोबाईलचा उजेड मागून धरला की आत लाल शिरा दिसतात. आज पाच आठवडे झाले. अजून चार-पाच लागतील. आमचं परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे, तोवर जे होईल ते इथं लिहीन. मुलगा पहिली कोळपणी कधी करू विचारतोय, ज्यांच्याकडं पाऊस उघडलाय त्यांनी रानाचा वापसा कसा आहे ते कळवा.